पाटील, पण कोणते?

अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या पट्ट्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेचा हजेरीपट चाळा. पाटील, पाटील, पुन्हा पाटील, मध्ये एखादा कोळी, एखादी माळी, दोन महाजन, परत पाटील. निम्मा वर्ग पाटील निघाला तरी इथे कोणाला नवल वाटत नाही. ‘पाटील, उभा राहा’ म्हटलं तर ओळच्या ओळ उठेल, म्हणून गुरुजी आद्याक्षरांनी हाक मारतात : आर. डी., एस. एन., के. बी. ही आद्याक्षरं जन्माला चिकटतात. पोरगा मोठा होतो, विकास सोसायटीवर निवडून येतो, केस पिकतात आणि आर. डी.चा आर. डी. आबा होतो. शहाद्याच्या सातपुडा साखर कारखान्याचे पुढारी साऱ्या मुलखाला पी. के. अण्णा म्हणूनच ठाऊक होते. जळगाव जिल्ह्यात जन्मून गुजरातेत गेलेले आणि नवसारीचे खासदार झालेले चंद्रकांत रघुनाथ पाटील तिथेही सी. आर.च राहिले.

मग आडनावाकडे काम उरलं कोणतं? चारचौघांतून माणूस वेगळा ओळखू यावा म्हणून आडनाव असतं अशी आपली समजूत. खानदेशातलं सर्वांत जास्त चालणारं आडनाव नेमकं तेच करीत नाही. तरीही ते टिकतं, वाढतं, आणि लोक ते मिरवतात. या पुस्तकाचा उगम त्या कोड्यात आहे.

कोडं फक्त आपलंच आहे असं मात्र नाही. २८ एप्रिल १८१९ या दिवशी मद्रास फौजेतला एक गोरा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीत उतरला आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव कोरलं : जॉन स्मिथ. जळगावहून तासाभराच्या वाटेवर, जगातल्या थोर चित्रांच्या शेजारी, इंग्लंडातलं सर्वांत सामान्य आडनाव! स्मिथ म्हणजे घण मारणारा, धातूचं काम करणारा, आपल्याकडचा लोहार. गावोगाव लोहार होते म्हणून गावोगाव स्मिथ झाले. इंग्लंडात अकराव्या शतकात नॉर्मन राज्य आलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं जमिनीच्या आणि करांच्या नोंदी वाढत गेल्या. एकेका गावातले दहा जॉन निराळे लिहायची गरज पडली, तेव्हा कोणाला धंद्यावरून, कोणाला गावावरून, कोणाला बापावरून, कोणाला टोपणनावावरून मागचं नाव लागलं. पी. एच. रीनी या अभ्यासकाने १९५८ साली ब्रिटिश आडनावांचा कोश काढला, त्यातही ढोबळ वर्ग हेच चार.

हे चार कप्पे घेऊन खानदेशात उतरलं तर तीन बऱ्यापैकी भरतात. गावावरून आलेली आहेत : नेरकर, एरंडोलकर, यावलकर, नारखेडे. नेमाडे या आडनावाचं नातं तापीपलीकडच्या निमाडाशी जोडलं जातं, तेही याच कप्प्यातलं. ‘कर’ लागलेली आडनावं मात्र कोकणाच्या मानाने इथे थोडी, आणि ती बहुधा गाव सोडलेल्यांची. एरंडोलात बसलेल्याला एरंडोलकर म्हणण्यात काय हशील? भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’च्या नायकाला पांडुरंग सांगवीकर असं नाव दिलं, आणि यावल तालुक्यातलं सांगवी हे लेखकाचं स्वतःचं गाव. पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला गावाचं आडनाव शोभतं, हे कादंबरीकाराला बरोबर कळलं होतं. पुढच्या चार कादंबऱ्यांच्या नायकाला त्यांनी चांगदेव पाटील केलं, म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमावरचं तीर्थ आणि त्याला जोडून खानदेशचं सार्वजनिक आडनाव.

टोपणनावाचा कप्पाही रिकामा नाही : कोल्हे, झोपे, वाघ, काळे. प्रत्येकामागे एकेक गोष्ट सांगितली जाते आणि बहुतेक गोष्टी आडनावानंतर जन्मलेल्या असतात. बापाच्या नावाचा कप्पा आपल्याकडे जवळजवळ कोराच, कारण बापाला आपण आडनावात न घालता मधोमध बसवलं. राहिला धंद्याचा आणि हुद्द्याचा कप्पा. तो इतका तुडुंब आहे की त्याचे दोन करावे लागतात.

पहिला हुद्द्यांचा. पाटील, चौधरी, महाजन, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, नाईक. पाटील हा शब्द जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकिल’पासून आला असं व्युत्पत्तिकार सांगतात. गावाचा पाटील एक. फार तर मुलकी आणि पोलीस असे दोन, किंवा भाऊबंदांत पाळीपाळीने फिरणारी एकच पाटिलकी. मग पाटलांचं एवढं पीक आलं कुठून? त्याचं उत्तर वतनाच्या स्वभावात आहे. पाटिलकी हे वतन होतं, आणि वतनावर हक्क साऱ्या घराण्याचा. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त वतनाची ही ओढाताण वाचायला मिळते. गादीवर बसणारा एक असला तरी मानपानात, लग्नातल्या विड्यात, पोळ्याच्या बैलात वाटा प्रत्येक भाऊबंदाला हवा. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने हे हक्क कागदावर बांधले, तेव्हा वतनदार घराण्यात नाव असण्याला सरकारी किंमतही आली. थोरली पाती पाटील, धाकटी पाती पाटील, चार पिढ्यांमागे शेजारच्या गावी गेलेली पातीही पाटीलच.

माझ्या मते खरी भर त्यानंतरची. महाराष्ट्राने १९६२ साली कायदा करून मुलकी पाटलाचं पद मोडलं. पद होतं तोवर ‘तू कसला पाटील?’ असं विचारणारा कोणीतरी गावात होता. पद गेलं आणि हा पहारा उठला. पुढे १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमले जाऊ लागले. आज पोलीस पाटील तायडे असतो, कोळी असतो, बाईही असते, आणि गावातले शंभर पाटील कसलेच पाटील नसतात.

त्यामुळे या आडनावात एक जात शोधायला जाणारा हमखास फसतो. मराठा पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, राजपूत पाटील आहेत. प्रतिभाताई पाटील राजपूत घरातल्या. बोदवडजवळच्या नाडगावात जन्म, १९६२ साली जळगावातून विधानसभेवर, १९६५ साली देवीसिंह शेखावतांशी लग्न. त्यांनी माहेरचं पाटील ठेवलं आणि त्याच नावाने २००७ साली राष्ट्रपतिभवनात गेल्या. स्मिता पाटील याच मुलखातल्या घराची लेक. दिल्ली-मुंबईकडच्यांना दोन्ही नावं एकाच कुळातली वाटली तर त्यांचा दोष नाही.

खानदेशी माणूस मात्र चुकत नाही, कारण तो पुढचा प्रश्न विचारतो. ‘कोठला पाटील शेतस तुम्ही?’ या अहिराणी प्रश्नाला गावाचं नाव एवढंच उत्तर पुरत नाही. गाव, कूळ आणि कोणाचे जावई किंवा भाचे, एवढं सांगावं लागतं. मराठा पाटलाच्या पोटात बोरसे, देवरे, भदाणे, सिसोदे, साळुंखे, देसले असं कूळ दडलेलं असतं. रावेर-यावलच्या लेवा घरात पाटील किंवा चौधरी लिहिणाऱ्याचं कूळ कोल्हे, भंगाळे, फिरके, बेंडाळे, झोपे यांपैकी निघतं. शाळेच्या दाखल्यावर ते असेलच असं नाही, पण सोयरीक जमवताना पहिलं तेच विचारलं जातं. पाटलाची मुलगी पाटलाच्या घरी देण्यात कोणाला काही वाटत नाही. एकाच कुळात द्यायची म्हटली की बैठक मोडते. दक्षिण कोरियात पाचांतला एक माणूस किम आहे, तिथेही किम म्हटल्यावर कुठले किम हे विचारतात, आणि एकाच कुळातल्या किम-किम लग्नाला १९९७ साली न्यायालयाने दार उघडेपर्यंत कायद्याने बंदी होती. आपल्याकडे तो कायदा पुस्तकात कधी नव्हता, एवढाच फरक.

ही बोलण्यातली पद्धत कागदावर पाहायची तर लग्नपत्रिका हातात घ्यावी. सरकारी कागदात ज्याला फक्त आडनाव मिळतं त्याला इथे पूर्ण ओळख मिळते. नावापुढे आबा, बापू, नाना, आप्पा, तात्या, भाऊसाहेब, मागे कै. आजोबा; कंसात मा. सरपंच किंवा निवृत्त कंडक्टर, खाली रा. अमुक, ह. मु. सुरत. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. उधना-लिंबायतीत दोन पिढ्या गेल्या तरी मुक्काम हल्लीचाच असतो. आमंत्रकांच्या त्या लांब रांगेत दोन माणसं एकमेकांत मिसळतील अशी शक्यता नाही. या भागाच्या नामाभ्यासासाठी जुन्या पत्रिका मतदार यादीपेक्षा कितीतरी मोलाच्या, आणि लग्न लागलं की लोक त्यावर भजी खातात.

आता दुसरा कप्पा, जातीच्या किंवा जमातीच्या नावाचंच आडनाव होण्याचा. इंग्रजी चौकटीत याला जागा नाही. खानदेशात कोळी, माळी, सोनार, शिंपी, न्हावी, भोई, धनगर, बारी, वाणी, गुजर, बडगुजर, राजपूत, मराठे ही सगळी आडनावं म्हणून चालतात. पुण्या-साताऱ्याकडेही आहेत, पण इतकी सर्रास नाहीत. यामागे शाळेचं रजिस्टर आहे असं मला वाटतं. जुन्या फारशी वळणाच्या कागदांत माणूस ‘अमुक वलद अमुक’ किंवा ‘अमुक बिन अमुक’ असा येई, पुढे जात आणि मौजे. आडनावाचा रकाना नव्हताच. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, मोजणी आली. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध लोक उठले. पुढे खातेउतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळा आल्या. छापील रकान्यात काहीतरी भरायला हवं होतं. कारकुनाने किंवा पंतोजींनी विचारलं, ‘कोण रे तुम्ही?’ आणि बापाने सांगितलं ते लिहून टाकलं. शिंप्याचा मुलगा शिंपी झाला. घरात जगताप, खैरनार, निकुंभ अशी कुळं होती, पण ती विचारली कोणी?

विसाव्या शतकात ही कुळं परत वर आली. मुलगा शिकला, मुंबई-नाशिकला लागला आणि त्याने शासनाच्या राजपत्रात नाव बदलून घेतलं. सोनाराचा विसपुते, दुसाने, दंडगव्हाळ झाला. शिंप्याचा जगताप झाला. तेल्याने चौधरी लावलं. एकाच आईबापाच्या पोटी थोरला सोनार आणि धाकटा विसपुते अशी घरं आहेत, आणि तलाठ्याकडे वारस लावताना त्यांची उडणारी तारांबळ ज्याने पाहिली त्याला आडनाव ही कागदाची वस्तू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी ही गोष्ट जास्त बोचरी होते. चोपडा-यावल-रावेरचे तडवी, शिरपूर-शहाद्याकडचे पावरा, ठिकठिकाणचे भिल. अख्ख्या जमातीला एक आडनाव आणि तेही बाहेरच्याने लिहिलेलं. पावरांची आपली कुळं आहेत, लग्नाला ती पाळली जातात, पण आश्रमशाळेच्या पटावर शंभर मुलं पावराच. उलट नंदुरबार भागात (१ जुलै १९९८ पूर्वीच्या धुळे जिल्ह्यात) वळवी, वसावे, पाडवी, गावित ही नावं रजिस्टरात टिकली. दोन डोंगरांच्या नशिबात एवढा फरक का पडला, याचा नीट शोध अजून कोणी घेतलेला नाही. या पुस्तकानेही तो फक्त सुरू केला आहे.

या विषयाच्या अभ्यासाचा वारसा धुळ्याला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. नाम आणि धातू यांच्या मुळाशी जाण्याचा त्यांचा ध्यास तिथल्या कोशांतून दिसतो. या वाटेने जाणारे आडनावाच्या मागे संस्कृत शब्द शोधतात : मोरे म्हणजे मौर्य, साळुंखे म्हणजे चालुक्य, पवार म्हणजे परमार, अहिरे म्हणजे आभीर. चाळीसगावजवळच्या पाटण्यात निकुंभ राजे होते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्यावरून निकम म्हणजे निकुंभ हेही सांगितलं जातं. ध्वनी जुळतात हे कबूल. पण पाटण्याच्या राजापासून आजच्या निकमांपर्यंतचा मधला सुमारे आठ शतकांचा कागद कुठे आहे? राजाचं नाव प्रजेने घेतलं असेल, चाकराने घेतलं असेल, किंवा एकोणिसाव्या शतकात राजवंशी दिसण्याची हौस सगळ्यांनाच लागली तेव्हा शोधून काढलं असेल. व्युत्पत्तीने शब्दाचं कूळ लागतं, माणसाचं लागतंच असं नाही.

दुसरी वाट सरकारी. १८८० चं खानदेश गॅझेटिअर आणि त्यानंतर १९२०-२२ मध्ये आलेले एन्थोवेनचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींचे तीन खंड. माहिती भरपूर, पण मांडणी जातवार. प्रत्येक जातीखाली तिची कुळं घातली आणि एक कूळ पाच जातींत आढळलं तर ते पाच ठिकाणी विखुरलं. सोनवणे घ्या. मराठ्यांत आहेत, कोळ्यांत आहेत, भिलांत आहेत, बौद्धांत आहेत. निकम, अहिरे, मोरे, पवार यांचंही तेच. जातवार यादीत हे कळतच नाही, आणि या मुलखाचा खरा इतिहास तर याच सरमिसळीत आहे. तिसरी वाट इरावती कर्व्यांची. नात्यांची आणि लग्नसंबंधांची रचना समजली की आडनाव आपोआप आपल्या जागी बसतं, हा तिचा रोख. या पुस्तकाचा कल तिकडे आहे.

चौथे अभ्यासक कुठल्याच ग्रंथसूचीत नसतात, पण त्यांच्याइतका साठा कोणाकडे नाही. ते म्हणजे भाट. सुगी झाली की भाट यजमानांच्या गावी उतरतो, लांबट वही सोडतो, मूळपुरुषापासून पिढ्या वाचतो, गेल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं चढवतो आणि बिदागी घेऊन पुढच्या गावाला लागतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्याही तशाच : गाव आणि कूळ सांगितलं की पणजोबांची सही निघते. दोन्हींत लेकींना जागा फार कमी. बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांची मुलगी, जळगावच्या चौधऱ्यांची सून. १९५२ साली, मृत्यूच्या पुढच्या वर्षी, त्यांचा संग्रह निघाला नसता तर दोन्ही घरांच्या वंशावळीत त्या ‘नथूजींचं कुटुंब’ एवढ्याच उरल्या असत्या. २०१८ पासून जळगावचं विद्यापीठ त्यांच्या पूर्ण नावाने, सासरच्या आडनावासकट, ओळखलं जातं.

यांखेरीज बाहेरून आलेली नावंही खानदेशी झाली आहेत आणि त्यांना इथे जागा दिली आहे. मारवाडातून आलेले ललवाणी, कोठारी, बाफना, धर्माचं नावच आडनाव करणारे जैन, चाळीसगावचे पारशी छायाचित्रकार केकी मूस, दोंडाईचाचे रावल, तापीकाठचे गिरासे, ज्यांचं आडनाव गावांवरच्या ‘गिरास’ हक्काची आठवण आहे. भुसावळला रेल्वे आली आणि तिच्याबरोबर गोऱ्या-अर्धगोऱ्या नोकरांची इंग्रजी आडनावं आली. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यात आयुष्य घालवणारा रॉबर्ट गिल १८७९ साली वारला, तो भुसावळच्याच मातीत आहे.

आता हे सगळं गोळा करायची घाई का? कारण आडनाव पुन्हा कचेरीत येऊन बसलं आहे. जातपडताळणीची आजची चौकट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालातून आणि राज्याच्या २००० सालच्या कायद्यातून आली. तिच्यासाठी पणजोबाचा शाळेचा दाखला हुडकणारी माणसं तालुक्याच्या अभिलेख कक्षात रोज दिसतात. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. कोळी लिहिलं की टोकरे कोळी, हिंदू कुणबी की मराठा, पावरा की नुसता भिल, एका कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी टाकलेल्या शब्दावर आज नातीचा वैद्यकीय प्रवेश अडतो. दुसरीकडून १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्याने लावला आहे. आद्याक्षरांवर चालणाऱ्या खानदेशात याचा परिणाम गमतीचा होईल. आर. डी. पाटलांच्या नातवाला आता तीन अक्षरं लागतील.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. आडनावं अकारविल्हे न लावता तालुकावार लावली आहेत, कारण यावलचा चौधरी आणि साक्रीचा चौधरी शेजारी छापून वाचकाच्या हाती काही लागत नाही. जिथे मिळालं तिथे प्रत्येक नोंदीत दोन नावं आहेत : दाखल्यावरचं आणि सोयरिकीतलं. व्युत्पत्ती दिली आहे, पण ती कोण सांगतो हेही दिलं आहे. घरच्यांनी सांगितलेली दंतकथा दंतकथा म्हणूनच ठेवली आहे. कोणत्या आडनावाची कोणती जात, अशी यादी मुद्दाम केलेली नाही. ती मागणारे पुष्कळ भेटले, विशेषतः निवडणुकीच्या तोंडावर. पाटील ही नोंद एका ठिकाणी नाही, ती तालुक्यागणिक पुन्हा येते आणि दर वेळी निराळी असते. ज्यांना आपलं कूळ सापडणार नाही त्यांनी शेवटच्या कोऱ्या पानांवर गाव, कूळ आणि मामाचं कूळ लिहून पाठवावं. पुढच्या आवृत्तीत भर घालताना मामाचं कूळ नसलेली नोंद आम्ही अपुरी धरणार आहोत.